चपलेचे फोटो: मोबाइल अ‍ॅप की एडिटर?

कोल्हापुरी चप्पल अ‍ॅमेझॉनवर विकायची तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, आरजीबी २५५-२५५-२५५ (लाल, हिरवा, निळा तिन्ही पुरेपूर), आणि मालाने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापलेला हवा. पार्श्वभूमी काढायचं हे काम मोबाइल अ‍ॅप बसल्या जागी करतं, तेही फुकट किंवा थोडक्यात.

खरी गोम वेणीत आहे. अ‍ॅप बरेचदा वेणीच्या फटींतली पार्श्वभूमी तशीच ठेवतं, नाहीतर गोंड्याचे धागेच खातं. फोटोशॉपवाला एडिटर पेन टूलने कड हाताने आखतो, फट न् फट वेगळी कापतो. वेळ जातो, पैसेही.

रंगाचं तर विचारूच नका. कमावलेल्या कातड्याचा तपकिरी रंग अ‍ॅपच्या 'ऑटो'त भडक नारिंगी होऊ शकतो, मग गिऱ्हाईक जोड परत पाठवतं. फोटोत ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं राखाडी कार्ड, ठेवलं असेल तर एडिटर त्यावरून रंग जुळवतो. मात्र हौशी एडिटर कातड्याचा पोतच पुसून चप्पल प्लॅस्टिकची करतो. त्याला आधीच बजावा.

साध्या, बिनवेणीच्या जोडांना अ‍ॅप पुरे. वेणी-गोंड्याचा महागडा जोड असेल तर मी तरी एडिटरच गाठेन, आणि माल जास्त असला तर दरात घासाघीस करेन.