जुन्या सायकलचा माल साठवण्याआधी आटे मोजा

पाचोऱ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या वैशाखात मी 21,200 रुपयांना फसलो. पैसे गेले ते गेले, पण एका गिऱ्हाइकाच्या वडिलांची सायकल माझ्या हातून बिघडली. ते मनातून जात नाही, म्हणून लिहितोय.

आमच्याकडे खेड्यापाड्यांत काही घरांत आजोबांच्या वेळच्या, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या रॅले सायकली अजून सांभाळून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या बीबीचे, म्हणजे पायडलचा आस ज्या नळीत फिरतो तिचे, आटे वेगळे असतात. त्या नळीत दोन्ही बाजूंनी छऱ्यांची वाटी फिरवून बसवतात, तो कप. साध्या सायकलच्या कपाला इंचात 24 आटे, या रॅलेला 26. घेर जवळजवळ सारखाच, त्यामुळे नुसत्या डोळ्याला फरक दिसत नाही. हा 26 चा कप मिळणं खरंच जिकिरीचं आहे, आणि मला फसवणाऱ्या माणसानं माझी तीच नस पकडली.

धुळ्याकडच्या एका बंद दुकानाचं गोडाऊन रिकामं करतोय, साठ सालचा माल आहे, असं तो म्हणाला. "भो, कोठे भेटस आते हाई माल?" अहिराणी ऐकली आणि मी परका धरलाच नाही. नमुन्याला दोन जोड दिले. एक कप मी दुकानातल्या जुन्या फ्रेमवर त्याच्यासमोर फिरवला, लोण्यासारखा गेला. मग त्यानं घाई लावली. ॲटलासला टाळं लागलं, तिकडे गिअर हब बनवणारी स्टर्मी-आर्चर कंपनीही विकली गेली, आता जे हातात आहे तेच, संध्याकाळी दुसरा दुकानदार येतोय. मी 6,000 फोनवरून पाठवले, बाकीचे 15,200 माल उतरल्यावर रोख दिले. 350 नं 40 जोड कप, 300 नं 24 टायर. बिल साध्या कागदावर. खोकी सुतळीनं बांधलेली होती, ती मी सोडूनही पाहिली नाहीत.

त्यानं सांगितलेल्या बातम्या खोट्या नव्हत्या. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद झाला. पण ॲटलासला लागणारे कप, कोन, कॉटर हे साधेच, लुधियानाहून आजही येतात. स्टर्मी-आर्चर 2000 साली तैवानच्या सनरेसनं घेतली आणि त्या नावाचे गिअर हब तिकडे अजून बनतात. बातमी खरी, म्हणून टंचाईही खरी, असं मी धरून चाललो.

श्रावणात एक निवृत्त पोस्टमन आप्पा त्यांच्या वडिलांची रॅले घेऊन आले. मी नवीन खोकं फोडलं आणि डावा कप लावला. दोन फेरे सहज गेला, तिसऱ्याला अडला. गंज असेल म्हणून रॉकेल सोडलं. तरी हलेना, तेव्हा पान्याला पाइप जोडून जोर दिला. कचकन आवाज आला आणि बीबीतून लोखंडाचा चकचकीत कीस माझ्या बोटांवर पडला. कप काढून आटे मोजायचं थ्रेड गेज लावलं. 24. बाकीची खोकी फोडली, सगळे 24. साधे कप, जुन्या खोक्यांत भरलेले, वर नवं ग्रीस.

आप्पा शेजारी बसून खोकं उलटंसुलटं करत होते. "हा साठ सालचा माल म्हणाला ना तो? मग पत्त्यात पिनकोड कसा? पिनकोड 72 च्या पंधरा ऑगस्टला आला." खोक्यावर सहा आकडे स्पष्ट छापलेले होते. तीन महिने ती खोकी माझ्या डोळ्यांसमोर फळीवर होती.

टायरचं तर विचारू नका. काळं पॉलिश मारलेलं होतं. हवा भरली की कडेला भेगा पडायच्या. रबर नुसतं पडून राहिलं तरी मरतं, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो. पत्र्याखाली टायर साठवून कुणाचं भलं होणार नाही.

त्याचा फोन बंद होता. 1930 या सायबर हेल्पलाइनला मी तेव्हा कळवलं, पण तीन महिने उलटले होते. फोनवरून पाठवलेले पैसे अडवायचे असतील तर काही तासांतच कळवावं लागतं. पोलिसांत अर्ज दिलाय. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा काय, तर तो साधा कागद.

माझ्या वहीत 26 आट्यांच्या एकूण 11 सायकली आहेत, आणि मी 40 जोड घेतले होते. कप लवकर झिजतही नाही. बहुतेक वेळा पाव इंची छर्रे बदलले, बाजूला अकरा, की काम भागतं, आणि ते छर्रे कुठेही मिळतात. आता कुणी असा माल आणला तर मी प्रत्येक खोकं फोडतो, गेज लावतो, ज्या सायकलचं नाव वहीत आहे तिच्यापुरताच घेतो. पैसे देतो ते आटे मोजून झाल्यावरच, पक्क्या बिलावर.

26 चे आटे पाडायचा टॅप शेवटी भुसावळच्या एका जुन्या लेथवाल्याकडे निघाला. आप्पांच्या सायकलचे आटे त्याच्याकडून साफ करून आणले आणि नमुन्यातल्या खऱ्या जोडातला कप लावला. सुरुवातीला दोन फेरे ढिला जातो, पुढे धरतो. कप जागेवर धरणारी लॉकरिंग आवळली आहे. आप्पांना म्हटलंय, महिन्याभरानं एकदा आणून दाखवा, पैसे घेणार नाही.