शांतक्लेर, बकाय की आइसलँडची गावठी: थंडीतली जुनी जात जतन करायला कोणती घ्यावी?

कोंबड्यांच्या या तिन्ही जाती कडाक्याची थंडी काढतात. त्यामुळे 'थंडीला कोणती काटक' या प्रश्नावरून निवड करायला बसलात, तर काहीच ठरणार नाही. खरे प्रश्न वेगळे आहेत. वर्षाला किती पिल्लं काढू शकता, त्यातली किती निर्दयपणे काढून टाकू शकता, आणि नर वेगळे ठेवायला किती कप्पे आहेत? एक कोंबडा आणि दहा कोंबड्या ठेवून घरची अंडी मिळतील. जात मात्र त्यातून टिकत नाही.

शांतक्लेर

कॅनडातल्या क्युबेकमध्ये, ओका इथल्या ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातलँ यांनी 1908 च्या सुमारास या जातीचं काम हाती घेतलं. थंडीत आधी मार बसतो तो तुऱ्याला आणि चोचीखालच्या लोंबत्या कातडीला, म्हणून दोन्ही जवळजवळ नाहीसंच करायचं हा त्यांचा बेत होता. एका बाजूला गडद कॉर्निश आणि पांढरी लेगहॉर्न, दुसऱ्या बाजूला ऱ्होड आयलंड रेड आणि पांढरी वायनडॉट. मग त्या दोन संकरांचा आपसात मेळ, आणि शेवटी पांढरा प्लिमथ रॉक. 1921 मध्ये अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने पांढऱ्या शांतक्लेरला मान्यता दिली. 1999 मध्ये क्युबेकने कायद्याने तिला वारसा-जात ठरवलं. कोंबडा साधारण 3.9 किलोचा, कोंबडी 2.9 किलोची, अंडी तपकिरी.

या जातीची गोम तिच्या तुऱ्यात आहे. डोक्यावर छोटी गुळगुळीत उशी ठेवल्यासारखा हा तुरा. पण पूर्वजांत कॉर्निशचा वाटाणा-तुरा (बुटक्या उंचवट्यांच्या तीन ओळी), वायनडॉटचा गुलाब-तुरा (रुंद, चपटा, खडबडीत) आणि बाकीच्यांचा एकेरी तुरा (करवतीसारखं उभं एकच पातं), असे तिन्ही होते. त्यामुळे चांगल्या दिसणाऱ्या जोडीतूनही अधूनमधून भलताच तुरा डोकं वर काढतो. त्यात आणखी एक मेख आहे. गुलाब-तुऱ्याचं जनुक आई-बाप दोन्हीकडून आलेल्या नराची फलनक्षमता कमी असते, हे गुलाब-तुऱ्याच्या जातींत नीट माहीत झालेलं आहे. त्याच्या शुक्राणूंची हालचाल मंद पडते. एकेरी तुऱ्याचं जनुक लपवून बसलेला नर मात्र जोमात असतो. म्हणजे तुम्ही 'ज्याची पिल्लं जास्त, तो नर ठेवा' एवढ्याच हिशोबाने चाललात, तर नको तो तुरा तुम्ही स्वतःच जपत राहता. उपाय असा की प्रत्येक नराची अंडी वेगळी खूण करून लावायची, सातव्या दिवशी उजेडावर धरून किती फळली ते लिहायचं, आणि फलन कमी दिसलं तरी तुऱ्याने चोख असलेल्या नराला एकदम बाद करायचं नाही. त्याला थोड्या कोंबड्या द्यायच्या, एवढंच.

तित्तिरी रंगाची शांतक्लेर हे वेगळंच प्रकरण आहे. ती कॅनडातल्याच अल्बर्टा प्रांतात विल्किन्सन यांनी दुसऱ्याच पूर्वजांतून घडवली आणि 1935 मध्ये तिला मान्यता मिळाली. नाव एक म्हणून पांढरीत ती मिसळणं ही सर्रास होणारी चूक. रंग निस्तरण्यातच पुढच्या कित्येक पिढ्या जातात.

बकाय

ओहायोतल्या वॉरेन गावच्या नेटी मेटकाफ यांनी 1896 च्या सुमारास सुरुवात केली. बार्ड प्लिमथ रॉक, बफ कोचिन आणि नंतर काळ्या छातीचा लाल झुंजी कोंबडा, एवढाच मसाला. 1904 मध्ये मान्यता. कोंबडा 4.1 किलोपर्यंत, कोंबडी 2.9. अंडी इथेही तपकिरी, आणि मांसासाठी या तिघींत हीच उजवी. मोकळी सोडली तर उंदीर मारते, ही ख्याती काही उगाच नाही.

शिकाऊ माणसासाठी बकाय सोपी आहे, कारण तिचा वाटाणा-तुरा एकाच जनुकावर चालतो आणि भेसळ पकडायला खूण आहे. पाठीवरचं एक पीस बोटाने उलटं करून मुळाशी पाहा. तळाचा मऊ भाग लाल असतो आणि त्यात दगडी पाटीच्या रंगाचा एक आडवा पट्टा दिसतो. ऱ्होड आयलंड रेडमध्ये तळ लालच हवा, हा पट्टा तिथे दोष मानतात. पट्टा गायब आणि तुरा उंच, विस्कटलेला, तर आत रेडचं रक्त आहे असं समजायला हरकत नाही.

संशयित नराची परीक्षाही घेता येते. त्याला एकेरी तुऱ्याच्या कोंबडीवर सोडा. तो एकेरी तुऱ्याचं जनुक वाहत असेल, तर निम्म्या पिल्लांचा तुरा एकेरी निघावा. सात पिल्लं झाली आणि एकही तशी नाही, तर तो वाहक असण्याची शक्यता फारच कमी: वाहकाकडून असं 128 मध्ये एकदाच घडतं. कोचिनच्या रक्तामुळे पायावरही लक्ष ठेवा. नळीवर पिसाचा बारीकसा खुंट दिसला तरी तो पक्षी पैदाशीतून बाद.

आइसलँडची गावठी

इथे नियमच उलटा आहे. ही घडवलेली जात नाही, नॉर्स वसाहतकऱ्यांबरोबर आलेल्या कोंबड्यांचा हा गावठी वंश. रंग, तुरा, शेंडी सगळं मिश्र, आणि ते मिश्रच ठेवायचं. 'सगळ्या एकसारख्या दिसाव्यात' म्हणून निवड केलीत की जतन संपलं. एकेरी तुऱ्याच्या कोंबड्यांना हिमदंश होऊ शकतो, हे मात्र मान्य करायला हवं. अंगाने लहान, कोंबडी जेमतेम दीड किलोची, अंडी पांढरट. पण सहज खुडूक बसते आणि पिल्लं नेटाने वाढवते. मांस हवं असेल तर इकडे फिरकू नका.

नर किती?

लोक इथेच चुकतात. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले एकूण पक्षी: हा आकडा म्हणजे तुमचा खरा कळप. वीस कोंबड्यांना एकच नर असेल तर तो 3.8 येतो आणि दर पिढीला साधारण 13 टक्के सगोत्रता (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं प्रमाण) वाढते. दोन नर केले तर 7 टक्के, पाच केले तर 3. फलन घटणं, पिल्लं कवचातच मरणं, वाढ खुंटणं ही त्याची पहिली लक्षणं.

तीन कप्पे करा, प्रत्येकात दोन नर आणि सात कोंबड्या. तलंगा (तरुण कोंबड्या) आईच्याच कप्प्यात राहतात. नर दरवर्षी पुढच्या कप्प्यात जातात, अ मधले ब मध्ये, ब मधले क मध्ये, क मधले अ मध्ये. नर बदलल्यावर तीन आठवडे अंडी उबवायला घेऊ नका, जुन्याचं बीज तेवढे दिवस आत टिकू शकतं.

शांतक्लेर किंवा बकाय घेणार असाल, तर दर वर्षी शंभरेक पिल्लं काढायची आणि त्यातली दहा-पंधरा ठेवायची तयारी हवी. आठव्या आणि सोळाव्या आठवड्यात वजन करा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. एवढं जमणार नसेल तर आइसलँडची गावठी घ्या. तिच्यात छाटणी कमी लागते, पण बाहेरच्या कोंबड्यापासून कडक राखण लागते, कारण बाहेरचा थेंबभर संकर तिच्यात दिसूनही येत नाही.

हिवाळ्याबद्दल थोडं

काटक जातही दमट खुराड्यात गोठते. हिमदंशामागे नुसती थंडी नसते, साचलेला दमट श्वास असतो. म्हणून झरोके छताजवळ ठेवा, बसल्या कोंबडीच्या अंगावर वारा येता कामा नये. बसायला पाच बाय दहा सेंटिमीटरची फळी रुंद बाजू वर करून लावा, म्हणजे बोटं पोटाखाली झाकली जातात. तुरा गोठलेला नर काही काळ फलन देत नाही, तेव्हा फेब्रुवारीत अंडी फळली नाहीत म्हणून लगेच वंशाला दोष देऊ नका. तडकलेली अंडी उबवू नका. दिवसातून तीन-चारदा गोळा करा, 13 ते 16 अंशांत टोकदार बाजू खाली करून ठेवा, आणि आठवड्याच्या आत लावा.

विकत घेताना विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: पैदाशीत नर किती आहेत, आणि बाहेरचं रक्त शेवटचं कधी आणि कोणत्या जातीचं आणलं. उत्तर चटकन आलं नाही, तर अंडी तिथून घेऊ नका.