क्रँकपिन 'जागेवर ग्राइंड' करून देतो म्हणाला आणि सव्वा लाख घेऊन गेला

धरमतर खाडीत आमची जुनी बार्ज आहे, भागीदारीत. मागच्या सीझनला गाळाने ऑइलचा सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंपाच्या तोंडाची जाळी, चोक झाला, ड्रायव्हरचं प्रेशरकडे लक्ष जाईपर्यंत चार नंबरचं बेअरिंग धरलं, क्रँकपिन, म्हणजे इंजिनच्या क्रँक दांड्याचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, तापून निळी पडलेली.

क्रँक बाहेर काढायची म्हणजे डेकचा पत्रा कापा, इंजिन उचला, महिनाभर धंदा बंद. त्यात एक जण भेटला, म्हणे "शेठ काढायची गरजच नाय, मशीन पिनवर बांधून जागेवर ग्राइंड करतो, अर्धा एमएम अंडरसाइज." म्हणजे पिन तेवढी बारीक करणार. आता हे काम खोटं नाही हां, मोठ्या जहाजांवर असंच करतात, क्रँक जागेवर आणि मशीन पिनभोवती फिरतं. म्हणूनच तर फसलो.

आला तो दोन पोरं आणि एक बॅग घेऊन. मशीन रात्री येतंय म्हणाला. मग "धूळ उडते, तुम्ही वर थांबा" करत आम्हाला इंजिनरूममधून बाहेर काढलं आणि सकाळी बघतो तर पिन आरशासारखी! रिपोर्टमध्ये हार्डनेस आठही ठिकाणी २३०, मायक्रोमीटरचं रीडिंग सगळीकडे सेम. तापून निळी पडलेली पिन जागोजागी कडक होते, एखादा तरी आकडा वरखाली नको का? पण तेव्हा कोणाला सुचतंय, भरती गाठायची होती. १ लाख २५ हजार रोख मोजले.

अकरा तास चालली. मग खालून ठकठक.

ओळखीचा वर्कशॉपवाला आणला, त्याने कॅप उतरवून शेल, म्हणजे बेअरिंगची अर्धी वाटी, उलटं केलं तर पाठीवर शिक्का स्टँडर्डचा, म्हणजे बारीक पिनचं जाड शेल नव्हतंच, आणि मागे गॅप भरायला पितळी पत्र्याची पट्टी, तिने ऑइलचं भोक अर्धं झाकलेलं. पिन ०.१४ एमएम ओव्हल. इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतलं (ऑइल संप) तेल बोटात चोळलं तर करकर लागलं, एमरीची म्हणजे पॉलिश पेपरची पूड. म्हणजे मशीन आलंच नव्हतं, एमरीची पट्टी आणि सुतळी लावून रात्रभर हाताने घासलेली, तेलाची भोकंसुद्धा बुजवली नव्हती, ती पूड शेजारच्या मेन बेअरिंगांत गेली आणि शेवटी क्रँक काढावीच लागली.

तुम्ही करून घेणार असाल तर मशीन बार्जवर चढल्याशिवाय पैसे सोडू नका, शेल बसवायच्या आधी त्याची पाठ स्वतः वाचा, मायक्रोमीटर आपल्या माणसाच्या हातात द्या. चुंबक लावून क्रॅक टेस्ट करतात तीही समोर उभं राहून बघा, धूळ उडू दे कितीही.

त्याचा फोन अजून लागतो, उचलतो पण. "शेठ शिपवर आहे, रेंज नाय इथं."