वन डे ट्रेकवाल्या ग्रुपसोबत पेठचा किल्ला, पाचपैकी अडीच

आधी निकाल सांगते मग कारणं. जागा एक नंबर, ग्रुप ठीकठाक, आणि कल्याण-डोंबिवलीच्या माणसाने तर यासाठी पैसे भरूच नयेत. ग्रुपचं नाव देत नाही, ओळखीतल्या बऱ्याच जणांकडून दुसऱ्या ग्रुप्सबद्दलही हेच ऐकलंय त्यामुळे एकट्यालाच कशाला धरायचं.

ट्रेक होता कोथळीगडचा, म्हणजे आपला कर्जतजवळचा पेठचा किल्ला. पॅकेजमध्ये बस, नाश्ता, जेवण, लीडर आणि सर्टिफिकेट (हो, सर्टिफिकेट!). बस पहाटे बोरिवलीहून निघणार आणि पिकअप घेत घेत सायन, वाशी, पनवेल करत कर्जतला पोचणार. आता आम्ही डोंबिवलीचे, आम्हाला सोयीचा पिकअप म्हणे वाशी, म्हणजे आधी ठाण्याला जा, तिथून ट्रान्सहार्बरने वाशी, मग बसने फिरून परत कर्जत, जिथे जाणारी लोकल रोज आमच्या डोळ्यांसमोरून जाते. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. लोकलचं जाऊन येऊन तिकीट शंभराच्या आत, कर्जतला उतरून स्टेशनवरचा वडा खायचा आणि बाहेरून कशेळेमार्गे किल्ल्याच्या पायथ्याच्या आंबिवली गावाला टमटम नाहीतर एसटी, झालं काम. बस आली तीही पाऊण तास लेट कारण कुणीतरी सायनला झोपून राहिलं होतं.

बुकिंगच्या वेळी छोटी बॅच म्हणून सांगितलेलं, आंबिवलीत उतरून बघतो तर मागून त्यांचीच दुसरी बस. मग भर उन्हात सगळ्यांचा गोल करून इंट्रो राउंड, नाव काय, काम काय, आवडता पिक्चर कुठला. अरे बाबांनो ऊन चढतंय, चला ना.

आंबिवलीहून वर पेठ गावापर्यंत वाट सोपी आहे, आरामात गेलं तर तास-दीड तास, पहिल्यांदा ट्रेक करणाऱ्यालाही जमेल. गावातून समोर तो सुळका दिसतो आणि खरी मजा तिथून पुढे. सुळक्याच्या पोटात गुहा आहे, आतल्या खांबांवर कोरीवकाम आहे, आणि बाजूलाच वर जायचा जिना, जो बांधलेला नाही तर अख्खा कातळ आतून कोरून काढलाय. पायऱ्या चांगल्या उंच, काही ठिकाणी हात टेकूनच चढावं लागतं, आत गार वाटतं आणि दगडाला ओल असते. मला तर त्या छिन्नीचे घाव बघत तिथेच बसायचं होतं. पण जिना अरुंद, वरून उतरणारे थांबलेत, खालून चढणारे थांबलेत, मध्ये एकाचा सेल्फी चाललाय, आणि दोन बसची पब्लिक एकाच वेळी वर सोडलेली. दादरचा ब्रिज परवडला. दोन बॅच करून अर्ध्या तासाच्या फरकाने सोडायला कितीसं डोकं लागतं?

लीडर पोरगा स्वभावाने चांगला, एका काकूंचा पाय मुरगळला तर त्याने स्वतः बँडेज बांधून त्यांना हळूहळू खाली आणलं, त्याचे पूर्ण मार्क. मुली एकट्या आल्या होत्या त्यांनाही सेफ वाटलं, हा या ग्रुप्सचा खरा फायदा आहे आणि तो छोटा नाही. पण किल्ल्याबद्दल विचारलं तर "महाराजांच्या काळातला आहे" यापुढे गाडी सरकेना. संभाजी महाराजांच्या काळात, १६८४ मध्ये, हा किल्ला मोघलांकडे गेला एवढं तरी माहीत हवं ना, त्या गुहेत उभं राहून सांगितलं असतं तर पोरांनी रील सोडून ऐकलं असतं.

जेवण मात्र अप्रतिम, आणि त्याचं क्रेडिट ग्रुपला नाही, पेठ गावातल्या मावशींना. तांदळाची भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, भाकरी तव्यावरून थेट ताटात, आणि "अजून घ्या, खाली उतरायचंय" म्हणत वाढतच होत्या. त्यांच्याशी बोलताना कळलं की आदल्या दिवशी फोन केला तर दोघातिघांचंही जेवण करून देतात आणि वाट दाखवायला घरातलं कुणीतरी सोबतही येतं. मग मधल्या माणसाला पैसे द्यायचे कशाला ते सांगा.

तरी ग्रुपनेच जायचं असेल तर पैसे पाठवायच्या आधी विचारून घ्या, एकूण माणसं किती (एका बसची नाही, एकूण), लीडर किती, फर्स्ट एड आहे का, आणि कॅन्सल झालं तर पैसे परत की नुसती "नेक्स्ट ट्रेकला अॅडजस्ट". बोरिवली-अंधेरीकडचे असाल आणि सोबत कुणीच नसेल तर जा, वाईट नाही. बाकीच्यांनी शक्यतो रविवार टाळून पावसाळा संपल्या संपल्या पहाटेची कर्जत लोकल पकडा. फक्त परतीचं वाहन सकाळीच ठरवून टमटमवाल्याचा नंबर घेऊन ठेवा, कारण संध्याकाळी आंबिवलीत गाड्या फार मिळत नाहीत आणि वर गेल्यावर रेंजचा भरवसा नाही.