बँकॉकमध्ये शेवटच्या दिवशी 'राजवाडा बंद आहे' असं कुणी सांगितलं तर

परतीचं विमान रात्री, खोली दुपारी सोडायची, हातात सात-आठ तास आणि थोडे उरलेले थाई बाथ. बँकॉकमधल्या भामट्यांना नेमका असाच पाहुणा हवा असतो, कारण तो उद्या तक्रार करायला शहरात नसतो.

ग्रँड पॅलेसच्या पांढऱ्या भिंतीलगत इस्त्रीच्या शर्टातला, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस हसून बोलायला येतो. कुठून आलात, हे आधी विचारतो. परत कधी जाणार, हे नंतर. खरा प्रश्न हा दुसराच. "आज रात्री" म्हणालात की तो सांगतो, आत पूजा आहे, दुपारी एकपर्यंत राजवाडा बंद. तोवर टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, देवळातला मोठा बुद्ध पाहून या, 20 बाथ फक्त. एवढ्या पैशांत टुकटुकवाला तासभर फिरवतो, कारण त्याचे पैसे तुमच्याकडून यायचेच नसतात. दुकानापर्यंत गिऱ्हाईक पोचवलं की त्याला पेट्रोलचं कूपन किंवा कमिशन मिळतं.

देऊळ खरं असतं. तिथे निवांत बसलेला दुसरा माणूस सहज बोलता बोलता सांगतो, की सरकारी निर्यात योजनेत आज शेवटच्या दिवशी रत्नं करमुक्त मिळतात, मी स्वतः घेतली, परदेशात दुपटीने विकली. वाटेत भेटलेली दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा विश्वास बसतो. सगळा डाव इथेच जिंकला जातो. अशी कोणतीही सरकारी योजना नाही.

आपल्याकडे घरात कुणासाठी तरी नीलमची नाहीतर माणकाची अंगठी करायची असतेच, त्यामुळे दुकानात पाय अडकतो. खडा बहुधा खरा असतो, पण हलक्या प्रतीचा, आणि भाव कित्येक पट. प्रमाणपत्र दुकानाचंच. मग ते सुचवतात, सोबत नेऊ नका, कस्टमची कटकट, आम्ही पोस्टाने घरी पाठवतो. हेतू एकच: विमानात बसेपर्यंत खडा कुणालाही दाखवता येऊ नये. खरेदी करायचीच असेल तर खडा ताब्यात घ्या आणि पैसे देण्याआधी सीलोम रोडवरच्या थायलंडच्या रत्न व आभूषण संस्थेत तपासून घेऊ द्याल का, असं विचारा. टाळाटाळ झाली की उठा.

पैसे गेलेच असतील तर विमानतळ गाठण्याआधी 1155 वर पर्यटक पोलिसांना फोन करा, इंग्रजी चालतं. पावती जपून ठेवा, कार्डाच्या बँकेला लगेच कळवा. परत आल्यावर परतावा मिळवणं फार जड जातं, मिळाला तरी बहुधा अर्धवट.

राजवाडा साधारण रोज सकाळी 8.30 ते दुपारी 3.30 तिकिटं देतो, परदेशी पाहुण्यांना 500 बाथ. उघडा की बंद, हे फक्त तिकीट खिडकीवर विचारायचं. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या, नाहीतर बाहेरच 'कपडे भाड्याने घ्या' म्हणणारे गाठतात. मेट्रोच्या सनाम चाय स्थानकावर उतरलात तर चालत जाता येतं, टुकटुकची गरजच पडत नाही. जाताना 'वाट फो' हे देऊळ लागतं ('वाट' म्हणजे थाईत देऊळ), आणि जवळच्या था तिएन धक्क्यावरून नदीपलीकडच्या 'वाट अरुण' देवळाला जाणारी होडी अगदी किरकोळ पैशांत पलीकडे सोडते. धक्क्याबाहेर खास लांब होडीचे हजारो बाथ सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

संध्याकाळी याओवारातला, म्हणजे चायनाटाउनमध्ये, जेवताना मेनूवरचा माशाचा भाव नीट वाचा. तो बऱ्याचदा 100 ग्रॅमचा असतो. 80 बाथ वाचून मागवलेला सव्वा किलोचा मासा 1,000 बाथला पडतो. डोळ्यांदेखत वजन करून घ्या, पूर्ण रक्कम कागदावर लिहून घ्या, मगच तो कढईत जाऊ द्या.

सुवर्णभूमी विमानतळावर जायला फया थाई स्थानकाहून एअरपोर्ट रेल लिंक 45 बाथमध्ये अर्ध्या तासात पोचवते. टॅक्सी घेतलीत तर मीटर 35 बाथपासून सुरू होताना पाहा. एक्स्प्रेसवेचा टोल वेगळा द्यावा लागतो, तो रास्त आहे. पण विमानतळ अधिभार फक्त विमानतळावरून शहरात येताना लागतो. जाताना कुणी मागितला तर देऊ नका.