स्टीम, एपिक की गॉग : गेमचे पैसे कुठे घालायचे?

पीसीवर गेम घ्यायचा म्हटलं की स्टीम, एपिक आणि गॉग ही तीन ऑनलाइन दुकानं समोर येतात, आणि पहिला प्रश्न स्वस्त कुठे मिळेल, मलाही तोच पडायचा. पण नव्या गेमचा भाव बहुतेक वेळा तिन्हीकडे सारखाच निघतो. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक आलं तेव्हा वाटलेलं आता भाव पडणार, कारण गेम बनवणाऱ्याच्या विक्रीतून स्टीम सहसा ३० टक्के कमिशन कापतं आणि एपिक तेव्हा फक्त १२, म्हणजे मधल्यातले थोडे तरी आपल्याला सुटतील, पण तसं काही झालं नाही. इतर दुकानांत स्वस्त विकू नका असा स्टीमचा दबाव असतो, हा आरोप करत वुल्फायर या छोट्या कंपनीने २०२१ मध्ये अमेरिकेत केस टाकली, स्टीमची मालक व्हॉल्व्ह तो नाकारते.

एपिकने मग दर आठवड्याला फुकट गेम वाटले. ते जरूर घ्या, मीही गुरुवारी न चुकता घेतो. पण साधं शॉपिंग कार्ट यायला तिथे डिसेंबर २०२१ उजाडला, हे मला खटकतंच. सोयीत स्टीम फार पुढे आहे, दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम १४ दिवसांत परत करता येतो, मी तीनदा केलाय, त्रास झाला नाही.

तरी माझे पैसे आता गॉगवर जातात, त्याला कारण एक गणपती. कोकणात गावी, पावसाने नेटवर्क गेलेलं, दुपारची जेवणं उरकल्यावर भाच्याला गेम दाखवायला लॅपटॉप उघडला तर लाँचर, म्हणजे गेम चालू करणारं दुकानाचं अ‍ॅप (कुठलं ते राहू दे), म्हणे आधी लॉगिन करा. पैसे भरलेले, गेम डिस्कवर, आणि स्क्रीनवर ते चाक नुसतं गोल फिरतंय. पोरगं दहा मिनिटं आशेने बघत बसलं आणि मग उठून गेलं. मला फार लागलं ते.

गॉगवर इन्स्टॉलरच, म्हणजे गेम बसवायची फाईलच, उतरवून ठेवता येतो, डीआरएम (गेम तुमचाच आहे का हे तपासणारं कुलूप) नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून दुकानांना सांगावं लागतं की तुम्ही गेम नाही, तो वापरायचं लायसन्स घेताय, पण असा कायमचा उतरवून घेता येणारा माल त्यातून वगळलाय, यातच काय ते आलं. शिवाय गेम खेळला असला तरी ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. आता नवे मोठे गेम तिथे उशिरा येतात, काही येतच नाहीत, ही अडचण खरी आहे, आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळणाऱ्याने स्टीमच बघावं. पण एकट्याने खेळायचा गेम असेल आणि भाव सारखाच असेल तर मी तरी गॉग म्हणेन. फक्त घेतल्या दिवशीच इन्स्टॉलरचे सगळे पार्ट हार्डडिस्कवर उतरवून ठेवा, नंतर करू म्हटलं की राहून जातं.