फुलांच्या ट्रेकला दुर्बीण कशाला? एक पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात घेतलेल्या ८×४२ दुर्बिणीने आता पावसाळा आणि थंडी दोन्ही पाहिली, म्हणून लिहायला घेतलं. निमित्त होतं उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्सच्या ग्रुप ट्रिपचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगितल्याबरोबर पहिला प्रश्न आला, "फुलं बघायला दुर्बीण? ती काय उडून जाणारेत?" उडून जात नाहीत हे खरं, पण आपल्यालाही वाट सोडून त्यांच्याजवळ जाता येत नाही ना. घाटीत फुलं तोडायला बंदी आहे, पायवाट सोडून पाऊल टाकलं की गाईड ओरडतो आणि त्याने ओरडायलाच हवं. हवं ते फूल मात्र नेमकं दहा-पंधरा फुटांवर, निसरड्या उतारावर असतं. मोबाईलवर झूम केलं की हातात येतो तो एक रंगीत ठिपका.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. काय तपासायचं ते सांगते, कुठल्याही दुकानात तपासता येईल.

दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांतला पहिला म्हणजे किती पट, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार हटकून पहिल्या आकड्यावर विकतो. "मॅडम, दहाची घ्या ना, अजून जवळचं दिसेल." दिसतं, पण चढ चढून छाती भात्यासारखी चाललेली असताना दहा पटीत आपल्या हाताची थरथरही दहा पट दिसते. शिवाय एकाच वेळी दिसणारा भाग लहान होतो, त्यामुळे "त्या खडकाच्या डावीकडे बघ" असं कोणी म्हटलं की आधी खडकच सापडत नाही. दुसरी गोष्ट उजेडाची. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत इतक्या मिलिमीटरचा. खिशात मावणाऱ्या ८×२५ मध्ये तोच जेमतेम तीन. उन्हात फरक जाणवत नाही, पण ऑगस्टमधल्या ढगाळ, गळक्या दुपारी लगेच जाणवतो.

माझ्या मते फुलांसाठी खरा महत्त्वाचा आकडा मात्र दुर्बिणीवर छापलेलाच नसतो. तो म्हणजे कमीत कमी किती अंतरावरचं स्पष्ट दिसतं. काही दुर्बिणींत तो चार-पाच मीटर असतो, माझ्या दुर्बिणीत दोन. दुकानात उभ्या उभ्या समोरच्या फरशीकडे बघा. दोन-तीन पावलांवरची फरशीची रेघ स्वच्छ दिसली तर घ्या, नाहीतर पुढची दाखवायला सांगा. चष्मा असेल तर तो लावूनच बघा. डोळ्यापाशी फिरवून आत-बाहेर होणारे रबरी कप असतात, ते पूर्ण आत केल्यावर चष्म्यातूनही अख्खं वर्तुळ दिसलं पाहिजे. कडा काळ्या दिसल्या तर ती दुर्बीण आपली नव्हे.

प्रवासाचं फार लिहीत नाही. मुंबईहून हरिद्वारपर्यंत ट्रेन, पुढे गाडीने जोशीमठ, गोविंदघाट, पुलना, आणि तिथून पायी घांगरिया. घाटीत राहायला परवानगी नाही, रोज घांगरियाहून सकाळी निघून दुपार कलायच्या आत परत फिरायचं. म्हणजे हाताशी मोजके तास आणि मागे आपलाच ग्रुप ताटकळलेला. १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतणारा ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ इथे आला तेव्हा त्याच्यामागे "चला, चला, जेवायचंय" म्हणणारे काका नव्हते.

पहिल्यांदा दुर्बिणीचे पैसे वसूल झाले ते घांगरियाहूनच वर जाणाऱ्या हेमकुंडच्या चढावर. चार हजार मीटरच्या वर, खडकांच्या फटीत निळी पॉपी होती. लांबून ती नुसती सुंदर दिसते. भिंगातून तिचं देठ आणि कळ्या बारीक काट्यांनी भरलेल्या दिसल्या, आणि प्रत्येक काट्याच्या टोकावर धुक्याचा एकेक थेंब. मधोमध पिवळ्याधमक पुंकेसरांचा झुबका आणि त्यात लडबडलेली एक माशी. मग ब्रह्मकमळ. आपल्याकडे गॅलरीतल्या कुंडीत रात्री फुलतं त्याला आपण ब्रह्मकमळ म्हणतो, ते निवडुंगाच्या कुळातलं. उत्तराखंडचं राज्यफूल असलेलं हे वेगळंच, सूर्यफुलाच्या कुळातलं. कागदासारख्या फिकट पिवळसर पाकळ्या वाटतात त्या पाकळ्याच नाहीत, ती थंडीवाऱ्यापासून सांभाळणारी आवरणं. खरी फुलं आत, जांभळट गुच्छात. दुर्बिणीतून वरच्या फटीतून तो गुच्छ दिसला तेव्हा ग्रुपमधल्या बॉटनीच्या निवृत्त बाईंनी दुर्बीण जी हातात घेतली ती बराच वेळ परत दिलीच नाही.

घाटीत पुष्पावती नदीच्या पलीकडच्या उतारावर मोठमोठे हिरवे, एकसारखे पट्टे दिसतात. दुर्बिणीतून कळतं की तिथे फुलांची सरमिसळ नाही, एकच माणूसभर उंच झाड माजलंय. गाईडने सांगितलं, हे पॉलिगोनम. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, गुरं-मेंढ्यांची चराई थांबली, आणि याचं फावलं. वनखात्याचे लोक ते उपटून काढतात. नुसत्या डोळ्यांनी मी त्याला "वा, काय हिरवंगार" म्हणून पुढे गेले असते.

प्राण्यापक्ष्यांच्या बाबतीत ग्रुपमध्ये पुरेशा दुर्बिणी नसणं हा डोक्याला ताप आहे, हे स्पष्ट लिहिते. मोनाल दिसला. नर, डोक्यावर तुरा, मानेवर तांब्याची आणि हिरवी झळाळी, चोचीने माती उकरत होता. पहिल्या तिघांनी नीट पाहिला. चौथ्याने डोळ्यांतलं अंतर जुळवेपर्यंत तो दरीत झेपावला, आणि उरलेल्यांना पाठीवरचा पांढरा पट्टा तेवढा दिसला. त्यावरून रात्री जेवताना जरा रुसवेफुगवेही झाले. दगडांच्या राशीतला पिका मात्र सगळ्यांना पुरून उरला. बिनशेपटीच्या उंदरासारखा दिसतो, पण भाऊबंदकी सशाशी. तोंडात गवताची काडी धरून तो फार तर दहा फुटांवर बसला होता, आणि इथेही ते दोन मीटरवालं फोकस कामी आलं. जास्त ताकदीची पण लांबूनच फोकस होणारी दुर्बीण घेऊन आलेले आमचे एक काका तेवढ्यासाठी मागे मागे सरकत होते. गाईडने त्यांना दोनदा दटावलं.

आता तक्रारी. उजव्या डोळ्याचा नंबर जुळवायची जी रिंग असते तिला लॉक नाही. दुर्बीण चार हातांतून फिरली की ती हलते आणि आपल्याला वाटतं काच धूसर झाली. कंपनीला मेल केला. उत्तर आलं, हा दोष नाही, रचनाच अशी आहे. मी आता माझ्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. सोबतचा पट्टा म्हणजे शिक्षा आहे. साडेसहाशे-सातशे ग्रॅम वजन दिवसभर त्यावर लटकलं की मान कामातून जाते. खांद्यांवरून पाठीत क्रॉस होणारा हार्नेस वेगळा घेतला, तो आधीच घ्यावा. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, त्यातलं एक हेमकुंडला अर्पण झालं.

पाऊस तिने चांगला सोसला. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतून वाफ धरत नाही. बाहेरून धरते, पोंचोच्या आत अंगाशी ठेवून बाहेर काढली की डोळ्याकडच्या काचा धुरकट होतात. त्या शर्टाच्या टोकाने पुसू नका. आधी फुंकर मारून माती उडवा, मग मऊ मायक्रोफायबर.

खरी परीक्षा हिमालयात नाही, मुंबईच्या कपाटात आहे. आमच्या घरात जुलैमध्ये चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते, तिथे भिंगाची काय कथा? भिंगावर बुरशीची जाळी एकदा धरली की कोटिंग खाते, मग साफ करूनही डाग राहतो. सोबत आलेली छान दिसणारी कापडी पिशवी ओल धरते, ती मी काढून टाकली. हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. केशरी दाणे हिरवे झाले की मंद आचेच्या तव्यावर ते पुन्हा केशरी होईपर्यंत परतायचे. आईला तो तवा परत पोळ्यांना नको असतो, तेव्हा जुना वेगळा ठेवा. अजून तरी काचा स्वच्छ आहेत. दर रविवारी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात नाहीतर भांडुप पंपिंग स्टेशनला नेते, हवा लागलेलीही बरी.

सप्टेंबरमध्ये कासला गेलो तेव्हा एक युक्ती सापडली. दुर्बीण उलटी धरायची, मोठ्या भिंगाला डोळा लावायचा आणि डोळ्याकडची काच वस्तूच्या अगदी जवळ, बोटभर अंतरावर न्यायची. चक्क भिंग होतं. वाटेच्या कडेलाच, हात पुरेल इतक्यावर, दवबिंदूचं (ड्रॉसेरा) किडे पकडणारं रोप होतं. त्याच्या पानावरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, आणि एका थेंबात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत होतं. सीतेची आसवं ही इवली जांभळी फुलं मात्र दोन मीटरवरून, सरळ धरूनच बघितली. जवळ जायचं तर बाकीच्या आसवांवर पाय पडला असता. इतक्या जवळचं बघताना दोन वर्तुळं एकमेकांपासून सुटतात आणि डोकं गरगरतं, तेव्हा एक डोळा मिटून घ्यायचा.

फक्त खाडीवर उभं राहून निवांत रोहित (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर १०×४२ चालेल, तिथे धाप लागायचा प्रश्न नाही. लहान मुलांना ८×४२ जड होते. ग्रुपने जाणार असाल तर दोघांत एक तरी हवीच. आमच्या ग्रुपने मोनालच्या भांडणानंतर वर्गणी काढून ८×३२ च्या आणखी दोन घेतल्या, वजनाला हलक्या म्हणून. त्यातली एक डोंबिवलीच्या काकूंकडे आहे, आणि ती परत येईल असं कोणाला वाटत नाही.